चोरसाहेबांचं स्टेशन

लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर माणसं नवरानवरी बघतात, जेवणाचा वास घेतात, ओळखीचं कोणी आलंय का ते शोधतात. आमचे साहेब पर्सा बघायचे.

कर्जतला आमच्या ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न होतं. साहेब आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दोघंही आले होते. काकू पुढे जाऊन बसल्या. साहेब दाराशीच थांबले आणि शेतावर उभं राहून पिकाचा अंदाज घ्यावा तशी त्यांनी सगळ्या हॉलवर नजर फिरवली. मग नवरीच्या आत्याच्या मागची खुर्ची पकडून बसले. आत्याबाईंनी पर्स खुर्चीखाली ठेवली होती. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे उठून उभे राहिले, माना स्टेजकडे वळल्या. साहेब मात्र वाकून खुर्चीखाली बघत होते. नवरीच्या धाकट्या मामांनी त्यांची कॉलर धरली ती तिथेच.

"काय शोधताय?"

"पर्स," साहेब म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही.

मी मूठभर अक्षता तशाच घेऊन धावले. "मामा, सोडा त्यांना, आमचे साहेब आहेत ते!"

"साहेब हायत, मंग खुर्चीखाली काय करतान?"

साहेबांनी कॉलर सरळ केली. चेहऱ्यावर राग नाही, उलट कौतुक. "मंगलाष्टकांच्या वेळी सगळ्यांचं लक्ष एकीकडे असतं. मी चोर असतो तर याच वेळी पर्स उचलली असती. अख्ख्या हॉलमध्ये फक्त तुमचं लक्ष होतं. उत्तम! तुम्ही इथून हलू नका."

आणि मामा खरंच हलले नाहीत. पहिली पंगत उठली तरी ते आत्याबाईंच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे होते.

साहेब मेट्रोच्या कंपनीत होते. स्टेशनांचे नकाशे बांधकामाला जाण्याआधी त्यांच्या टेबलावर यायचे. पाकीटमारी, चेन खेचणं, बायकांची छेड काढणं, हे सगळं जिथे करावंसंच वाटणार नाही असं स्टेशन मुळात कसं बांधायचं, हे ठरवणं त्यांचं काम. पोलीस, पहारेकरी, कॅमेरे हे सगळं त्यांच्या लेखी नंतरचं. "चोर पकडणं पोलिसांचं काम," ते म्हणत. "चोराचा मूड घालवणं हे आपलं काम."

मी मोहोपाड्याची. वडील तिथल्याच केमिकल कारखान्यात पाळी करायचे. सिव्हिलचा डिप्लोमा संपवून मी मुलाखतीला गेले, तर साहेबांनी सिमेंट-वाळूचं काही विचारलंच नाही.

"तू अनोळखी स्टेशनात एकटी शिरलीस तर आधी काय बघतेस?"

"कोण बघतंय ते."

"चोरही तेच बघतो," असं म्हणून त्यांनी माझ्या कागदांवर सही केली. मला नोकरी मिळाली याचा आनंद मानायचा की आपल्याला चोराच्या रांगेत बसवलं याचं वाईट वाटून घ्यायचं, हे मला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

प्रत्येक नकाशा ते चोर होऊन वाचायचे. पेन्सिलीचं टोक कागदावरून फिरवत पुटपुटायचे, "इथून आलो. इथे वळण. वळणावर मी दिसेनासा झालो. इथे खांब, खांबाआड उभा राहिलो. बाई आली. खेचली. इकडून पळालो. छान!" हे 'छान' ऐकलं की नकाशा काढणारा नवा कागद शोधायला उठायचा. तो नकाशा पुन्हा काढावा लागणार हे नक्की असायचं. एकदा झाडूवाल्या मावशींनी दाराबाहेरून हे ऐकलं आणि त्या माझ्याकडे येऊन हळूच म्हणाल्या, "गं बाय, तुजं साहेब बरं नाय वाटत मला. आतमदी बसून चेन खेचतंय." तेव्हापासून ते चोरसाहेब झाले. त्यांना हे नाव कळलं तेव्हा ते खूश झाले.

त्यांच्या कर्जतच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला ते घर सापडेना. कंपाउंडची भिंत नाही, झाडझुडूप नाही, नुसतं घर. भिंतीआड चोर लपतो म्हणून भिंत पाडलेली. मोगऱ्याआड लपतो म्हणून मोगरा काढलेला. आत गेले तर खिडक्यांना पडदे नाहीत आणि आतल्या खोल्यांना दारं नाहीत.

"चोराला लपायला जागा नको म्हणून मला साडी बदलायला जागा ठेवली नाही या माणसानं," चहाचा कप माझ्या हातात देत काकू म्हणाल्या.

"पण आजवर चोरी झाली का?" साहेबांनी विचारलं.

"काय चोरणार? तो लांबूनच बघून जातो, की या घरात काही नाही."

"तेच तर म्हणतोय मी!" साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, जणू काकूंनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली होती.

पण साहेबांची खरी ओळख झाली ती चौक गावच्या स्टेशनात. चौकला मेट्रो कुठून आली असं कोणी विचारेल, तर आलेली नाही. आमचं स्टेशन खोटं होतं. नव्या मार्गाची स्टेशनं बांधायच्या आधी एक स्टेशन पूर्ण मापाचं उभं करून बघावं, असा साहेबांनी हट्ट धरला होता. शहरात एवढी जागा परवडेना. शेवटी चौकजवळ जुन्या हायवेला लागून एक भलंमोठं रिकामं गोदाम मिळालं. त्यात लोखंडी सांगाडा आणि प्लायवूड वापरून आम्ही सगळं केलं: प्लॅटफॉर्म, जिना, तिकीट खिडकी, आत सोडणारी फाटकं. फक्त गाडी नव्हती. गाडी येते तिथे जमिनीवर निळा रंग मारला होता.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. एके सकाळी शेजारच्या ढाब्यावरचे म्हातारे काका इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी घेऊन तिकीट खिडकीशी हजर. "पनवेलला जाते का ही?"

"काका, ही कुठेच जात नाही. नुसतं बघायला बांधलंय."

काकांनी वर छताकडे पाहिलं, खाली निळ्या रंगाकडे पाहिलं. "येवडं बांदलं, आनि गाडी नाय?" त्यांनी पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाले, "आमच्या गावात पान्याची टाकी हाय अशीच."

स्टेशनातले साहेबांचे नियम आम्हाला पाठ झाले होते. रस्ता सरळ, वळण नाही. खांब कमी आणि गोल. छत उंच. उजेड असा की सावली पडता कामा नये. वाटेत दुकानं नाहीत, कारण दुकानाशी गर्दी थांबते आणि गर्दीत हात फिरतात. भिंतीवर रेघोटी दिसली की ताबडतोब पुसायची, कारण जिथे भिंतीकडे कोणी बघत नाही तिथे माणसाकडेही कोणी बघत नाही, हे चोराला भिंतीवरून कळतं. हा शेवटचा नियम साहेब स्वतः पाळायचे, हातात रॉकेलचा बोळा घेऊन. सुतारांनी प्लायवूडवर पेन्सिलीने मापं लिहिली की मागून साहेब यायचे आणि पुसून जायचे. त्यामुळे आमच्या स्टेशनची दोन दारं चौकटीत बसली नाहीत, आणि मुख्य सुतार एक दिवस करवत खाली ठेवून म्हणाला, "मी मापं आता तळहातावर लिवतो. तिथं नाय ना येनार तुमी?"

आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे बाक नाही. कुठेच नाही. "मेट्रोची गाडी लगेच येते. बसायचंय कशाला?" साहेब म्हणायचे. "काम नसताना स्टेशनात बसलेला माणूस म्हणजे एक तर चोर, नाही तर चोराचा मेहुणा."

यावर मी एकदाच तोंड उघडलं. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिने काय करायचं? साहेबांनी विचार केला आणि उत्तर दिलं, "आईला सांग, गाडीत बस."

हे स्टेशन आमच्या मोठ्या साहेबांना मुळीच आवडलेलं नव्हतं. त्यांना वाटेत दुकानं हवी होती, आणि दुकानांना जागा मिळावी म्हणून रस्त्याला वळणं हवी होती. चोरीचं काय, तर कॅमेरे लावू. शेवटी ठरलं की नकाशे मंजूर करणाऱ्या समितीसमोर चाचणी घ्यायची. खऱ्या माणसांनी स्टेशनात ये-जा करायची, एकाने चोर व्हायचं. चोरी जमली नाही तर साहेबांचे नकाशे मंजूर. जमली तर गुंडाळून ठेवायचे. साहेब त्या वर्षी रिटायर होणार होते. पुन्हा संधी नव्हती. चाचणीच्या आदल्या आठवड्यात त्यांचं जेवण कमी झालं. चौकच्या ढाब्यावर ते ताट समोर ठेवून नुसते गल्ल्याकडे बघत बसायचे, आणि ढाबेवाला अस्वस्थ होऊन गल्ला उचलून मांडीवर घ्यायचा.

प्रवासी मिळायला अडचण आली नाही. चहा आणि वडापाव म्हटल्यावर गॅरेजवाले आले, बाजाराला आलेल्या बायका आल्या. डोंगराच्या वाडीवरून जांभळं विकायला हायवेवर बसणारी बुधीबाय आपल्या दोघी जावांना घेऊन, पाटीसकट आली. पण चोर व्हायला कोणी तयार होईना. "आमाला गावात राहायचं हाय," प्रत्येक जण म्हणायचा. "खोटं खोटं चोर झालं तरी नाव खरंच चिकटतं."

शेवटी हिरामण तयार झाला. हिरामण गॅरेजमध्ये टायरचं काम करायचा आणि गावच्या जत्रेतल्या नाटकात दर वर्षी खलनायक व्हायचा. त्याची अट एकच होती: "सुरवातीला माइकवर नाव घ्यायचं. कलाकार म्हनून."

चाचणीच्या दिवशी समिती प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी राहिली. कॅमेरे विकणारा माणूसही आला होता. त्याने नमुन्याचा एक कॅमेरा मोठ्या साहेबांच्या डोक्यावरच लावला होता. मी माइकवर हिरामणचं नाव घेतलं आणि चाचणी सुरू झाली.

हिरामण मान खाली घालून, चोरपावलांनी आत शिरला. पहिल्याच बाईने त्याला पाहिलं आणि हाक मारली, "ए हिरामण, यंदा तरी मरतूस का रं शेवटाला?" दुसऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. तिसऱ्याने मागच्या जत्रेतला त्याचा डायलॉग म्हणून दाखवला. चुकीचा म्हटला म्हणून हिरामणने तो हातवारे करून दुरुस्त करून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पर्सेला हात लावणं लांबच राहिलं, दोन बायकांनी त्याच्यापुढे आपणहून पिशव्या धरल्या. "घे रं, तुजं काम हाय ना?"

"हा चोर आहे की पाहुणा?" मोठे साहेब म्हणाले. "ही चाचणी मी धरणार नाही."

साहेब पुढे आले. हिरामणची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली, त्याचा गमछा तोंडाभोवती गुंडाळला आणि ते गर्दीत गेले. मला वाटतं, आयुष्यभर कागदावर केलेली गोष्ट एकदा हाताने करायची त्यांची इच्छाच असावी.

इकडे प्रवासी उभे राहून कंटाळले होते. बुधीबाय आणि तिच्या जावा बसायला जागा शोधत होत्या. बाक नाही म्हटल्यावर त्या जिन्याच्या पायथ्याशी, वाटेच्या कडेला, खाली फतकल मारून बसल्या. चाचणीसाठी ठेवलेल्या पहारेकऱ्याने उठवलं. त्या उठल्या आणि तो वळताच पुन्हा तिथेच बसल्या. पाटी शेजारी ठेवली, पानतंबाखूची चंची सोडली आणि गप्पा सुरू झाल्या.

साहेब समितीच्या मागून आले. मोठे साहेब बोलत होते, समिती ऐकत होती, कॅमेरेवाला मोठ्या साहेबांकडे बघून मान डोलवत होता. कॅमेरा वर लुकलुकत होता. साहेबांनी मोठ्या साहेबांच्या पायाशी ठेवलेली लॅपटॉपची बॅग उचलली आणि चालू लागले. कोणाला पत्ताच लागला नाही. फक्त मला दिसलं. आपलं स्वतःचं स्टेशन आपल्याच हातांनी नापास करून हा माणूस चालला होता. चोर व्हायचं ठरवलं म्हणजे चोरी कच्ची करायची नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"ओ टोपीवालं!" जिन्याशी बुधीबायचा आवाज कडाडला. "ती बॅग तुमची नाय!"

साहेब पळाले. खरं म्हणजे पळायची काही गरज नव्हती, पण चोर पळतो म्हणून तेही पळाले. तिघी बायका उठल्या. एकीने छत्री उगारली, दुसरीने गमछा धरला. साहेबांचा पाय जिन्याच्या पहिल्याच पायरीवर मुरगळला आणि ते मागच्या मागे बसले ते नेमके जांभळाच्या पाटीत.

"अहो, मी साहेब आहे!"

"समदं चोर असंच म्हनतान!" छत्री एकदा बसलीच.

मी पोचेपर्यंत साहेबांची पांढरी पँट जांभळी झाली होती. समिती धावत आली. मोठ्या साहेबांनी आपली बॅग ओळखली आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "यांना कुठेतरी बसवा," कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या स्टेशनात बसवायला जागा नव्हती. साहेब पाटीतच राहिले.

घोटा सुजत चालला होता, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते बुधीबायकडे बघत होते. "तुम्हाला कसं दिसलं हो?"

"बसलेलो हितं. दिसलं." तिला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. "माजी जांबळं गेली समदी, त्याचं काय?"

साहेबांनी मान खाली घातली. मग वर करून समितीला म्हणाले, "माझं चुकलं. स्टेशनात बाक पाहिजेत." त्यांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला ते बघवेना.

"म्हणजे डिझाईन नापास," मोठे साहेब लगेच म्हणाले.

मी एरवी समितीपुढे पाणीसुद्धा मागितलं नसतं. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "नाही सर. या इथे खाली बसल्या होत्या, बॅग तिकडे टोकाला होती. मध्ये तुमचं वळण आणि दुकान असतं तर यांना काय दिसलं असतं? भिंत!"

समितीतले एक वयस्कर गृहस्थ सावकाश जिन्याच्या पायथ्याशी गेले, धोतर सावरावं तशी पँट वर ओढून बुधीबायच्या जागी खाली बसले आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे बघत राहिले. "दिसतंय," ते म्हणाले. मग दुसरे बसले. मग तिसरे. मोठे साहेब तेवढे उभे राहिले. पाटीच्या तळाची जांभळं शाबूत होती, ती बुधीबायच्या जावेने काढून सगळ्यांपुढे धरली. सरळ रस्ता मंजूर झाला, वाटेतली दुकानं गेली, बाक आले, आणि कोणी नाराज नको म्हणून कॅमेरेही आले. ठरावावर सह्या झाल्या तेव्हा अख्ख्या समितीच्या जिभा जांभळ्या होत्या.

पाय बरा होईपर्यंत साहेब कर्जतच्या घरी पडून होते. त्या काळात काकूंनी सगळ्या खिडक्यांना पडदे लावून घेतले. मी भेटायला गेले तेव्हा साहेब पलंगावर पडल्या पडल्या नव्या नकाशांवर बाकांच्या जागा ठरवत होते. बाक कुठे असावा, पाठ कुठे, तोंड कुठे, बसलेल्या म्हातारीला काय काय दिसेल. "चोराचं सगळं शिकलो," ते म्हणाले, "आणि बसलेल्या माणसाचं काहीच नाही शिकलो." मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत?"

खरं स्टेशन सुरू झालं तेव्हा साहेब रिटायर होऊन बरेच दिवस झाले होते. उद्घाटनाचं बोलावणं त्यांना आलं नाही. नंतर एका दुपारी मीच त्यांना घेऊन गेले. डोक्यावर उन्हाची टोपी होती. आत शिरताना ते परीक्षेच्या निकालाला निघालेल्या पोरासारखे गप्प होते. रस्ता सरळ होता. खांब गोल होते. बाकांवर माणसं बसली होती: एक आजोबा, कॉलेजच्या दोन मुली, भाजीची पिशवी घेतलेली एक बाई. पण दोन बाकांच्या समोरच कोणीतरी जाहिरातीचा उभा फलक आणून ठेवला होता. फ्लॅटची जाहिरात. त्याच्यामागे जिना पार झाकला गेला होता.

"हे काय इथे?" साहेबांचा आवाज चढला.

"आपण तक्रार करू, साहेब. मी तिकीट खिडकीवर जाऊन सांगते."

मी खिडकीशी बोलून परत आले तर फलक जागेवर नव्हता आणि साहेबही नव्हते. भाजीची पिशवी घेतलेल्या बाईने मला आपणहून सांगितलं, "ते टोपीवाले काका ना? फलक ढकलत घेऊन चालले होते. मीच सिक्युरिटीला हाक मारली. असं कोणी काही नेतं म्हणजे काय?"

मी सिक्युरिटीच्या केबिनकडे धावले. केबिनच्या दाराशी तरुण पहारेकरी रडवेल्या चेहऱ्याने उभा होता.

"मॅडम, ते आत बसलेले काका तुमचेच ना? प्लीज घेऊन जा. मी त्यांना केव्हाच सोडलंय. ते जातच नाहीत. म्हणतात, आधी मला सगळं सांग, कोणी बघितलं, कुठून बघितलं, तुला कसं कळलं."

मी आत डोकावले. साहेब खुर्चीत ताठ बसले होते. बाकावरच्या त्या पिशवीवाल्या बाईलाही पहारेकऱ्याने साक्षीला बोलावलं असावं. ती माझ्या मागून आत आली आणि साहेबांच्या समोर बसली.

"बाई," साहेब पुढे झुकून म्हणाले, "मी फलकाला हात लावला तेव्हा तुम्हाला दिसलो, की त्याच्याही आधी?"

"त्याच्या आधीच," बाई ठसक्यात म्हणाली. "तुम्ही आत आलात तेव्हापासून लक्ष होतं माझं तुमच्यावर. चेहराच तसा वाटला."

साहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, लागलं त्यांना. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत होतं. पहारेकरी माझ्याकडे बघून हात जोडत होता. मी त्याला खूण केली, थोडं थांब, आणि तिसरी खुर्ची ओढून दाराशी बसले.